मॅपच्या आत मेल पाठवला तर बिघडलं कुठे?

या वेळच्या पत्रांत फंक्शनल प्रोग्रामिंगची पत्रं बरीच आहेत आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. ऑप्शन किंवा मेबी (व्हॅल्यू असेल किंवा नसेल), लिस्ट, प्रॉमिस (व्हॅल्यू नंतर मिळेल) अशा कुठल्यातरी डब्यात व्हॅल्यू आहे, तिच्यावर काहीतरी ‘करायचं’ आहे, आणि ते डब्याच्या आत करावं की बाहेर काढून, हे कळत नाही. डब्यातल्या व्हॅल्यूला फंक्शन लावून उत्तर तशाच डब्यात देतो तो मॅप, आणि घोळ त्याच्याभोवतीच आहे. निवडक प्रश्न घेते. कोडचे तुकडे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना आपापल्या भाषेतली खरी नावं वापरा.

प्रश्न: पहिलीच नोकरी आहे, स्काला शिकतोय. यूझर सापडला तर त्याला मेल जावा म्हणून मी लिहिलं: शोध(आयडी).मॅप(यू => मेल_पाठव(यू)). कोड चालतो, मेल जातो, टेस्ट हिरव्या आहेत. रिव्ह्यूमध्ये सीनियरनी एवढंच लिहिलं, “मॅपमध्ये साइड इफेक्ट नको.” का नको, हे विचारायचा धीर झाला नाही.

उत्तर: विचारायला हवं होतं. रिव्ह्यूमध्ये ‘नको’ लिहिणाऱ्याने ‘का’ लिहिणं हेही त्याचंच काम आहे. पण सीनियरांचं म्हणणं बरोबर आहे, तेव्हा त्यांच्या वतीने कारण मी सांगते.

फंक्शनने उत्तर परत देण्यापलीकडे जी काही ढवळाढवळ केली तो साइड इफेक्ट: स्क्रीनवर छापणं, फाइल लिहिणं, डेटाबेसमध्ये ओळ घालणं, बाहेरचं व्हेरिएबल बदलणं, मेल पाठवणं. यात वाईट काही नाही. जगात काहीच न करणारा प्रोग्राम लिहायचा तरी कशाला? वाद फक्त जागेचा आहे.

मॅप दोन नियम पाळतो असं आपण सगळे धरून चालतो. पहिला, मिळालेली व्हॅल्यू तशीच परत देणारं फंक्शन मॅपला दिलं तर डबा जसाच्या तसा राहतो. दुसरा, एकामागोमाग दोन मॅप लावले काय किंवा दोन्ही फंक्शनं जोडून एकच मॅप लावला काय, फरक पडत नाही. दुसरा नियम दिसतो निरुपद्रवी, पण त्याच्याच भरवशावर लायब्ररी आतल्या आत दोन फेऱ्यांची एक फेरी करते, आणि तुमचा सहकारी शुक्रवारी संध्याकाळी ‘जरा साफसफाई’ म्हणून दोन ओळींची एक ओळ करतो.

आता हे करून बघा. १, २, ३ अशी लिस्ट घ्या. पहिल्या मॅपमध्ये आकड्याआधी ‘क’ लावून छापा आणि आकडा तसाच परत द्या. दुसऱ्या मॅपमध्ये तेच, फक्त ‘ख’ लावून. स्कालाच्या साध्या लिस्टवर स्क्रीनवर येईल: क१ क२ क३ ख१ ख२ ख३. दोन्ही मॅप एकत्र करा: क१ ख१ क२ ख२ क३ ख३. हातात आलेली लिस्ट दोन्ही वेळा तीच, १, २, ३. नियम व्हॅल्यूपुरता पाळला गेला, छापण्याचा क्रम मात्र बदलला. आता लिस्टच्या पुढे .व्ह्यू लावा. तो व्ह्यू कुणी वाचत नाही तोवर स्क्रीन कोरी. एकदा वाचला की छापलं जातं, दुसऱ्यांदा वाचला की सगळं पुन्हा छापलं जातं. इथे छापणंच आहे म्हणून ठीक. त्या जागी तुमची मेल_पाठव ठेवून बघा: एका प्रकारात एकही मेल गेला नाही, दुसऱ्यात प्रत्येकाला दोनदा गेला, आणि टेस्टमध्ये फक्त लिस्ट तपासली असेल तर ती तिन्ही वेळा हिरवीच.

हे स्कालाचंच खूळ आहे असं समजू नका. पायथॉन २ मध्ये मॅप(छाप, यादी) लिहिलं (छाप हे छापणारं आपलंच फंक्शन) की लगेच छापलं जायचं. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये तीच ओळ गप्प बसते, कारण मॅप आता आळशी आहे, कुणी मागितल्याशिवाय हलत नाही. जावात स्ट्रीमवर पीक (जाता जाता व्हॅल्यू नुसती बघणारी मेथड) लावून शेवटी काउंट केलं की जावा ८ मध्ये पीकमधलं छापणं व्हायचं. जावा ९ पासून, मोजणी मूळ लिस्टवरूनच कळत असेल तर मधली पाइपलाइन चालवलीच जात नाही, आणि तसं करायची मुभा असल्याचं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलं आहे. कोड तोच, नुसती आवृत्ती बदलली आणि छापणं गायब. तुमचा कोड ‘चालतो’ तो ऑप्शन आळशी नाही म्हणून. उद्या शोध हे फंक्शन ऑप्शनऐवजी दुसरं काही परत द्यायला लागलं, तर ही ओळ कंपाइल होईल पण मेल जाईलच असं नाही.

अशी जागा ओळखायची खूण टाइपमध्येच असते. तुमच्या ओळीचा टाइप आहे ऑप्शन[युनिट], म्हणजे भरलेला असला तरी आत कामाचं काहीच नसलेला डबा, आणि तोही तुम्ही कुठे ठेवला नाही. मॅपचं उत्तर कुणी वापरत नसेल तर तिथे मॅप नकोच होता. जावात ही चूक सहसा कंपाइलरच पकडतो, कारण व्हॉइड देणारं फंक्शन तिथल्या ऑप्शनलच्या मॅपला चालत नाही. रस्टमध्ये क्लिपी हा कोड तपासणारा प्रोग्राम यासाठी वेगळा इशारा देतो.

मग लिहायचं काय? स्कालात फॉरईच, जावात इफप्रेझेंट, एफ-शार्पमध्ये ऑप्शन.आयटर, रस्टमध्ये इफ लेट. ही सगळी उघडपणे सांगतात की इथून काही परत येणार नाही, इथे काम होणार आहे. पण मी रिव्ह्यू करत असते तर नुसतं मॅप खोडून फॉरईच लिहून घेतलं नसतं. तुमच्या एका ओळीत दोन कामं गुंतली आहेत, मेलमध्ये काय लिहायचं हे ठरवणं आणि तो पाठवणं. ती सोडवा:

शोध(आयडी).मॅप(मजकूर_बनव).फॉरईच(पाठव)

मजकूर_बनव यूझर घेतं आणि मजकूर देतं, बस. त्याच्या टेस्टला मेल सर्व्हर लागत नाही, खोटा सर्व्हर उभा करावा लागत नाही, दोनदा चालवलं तरी कुणाच्या इनबॉक्समध्ये काही पडत नाही. पाठव शेवटी, एकाच जागी, उघड्यावर.

आणि आता तुम्ही न विचारलेली गोष्ट: यूझर सापडलाच नाही तर? फॉरईच अशा वेळी निमूट काहीच करत नाही. कधीकधी तेच हवं असतं. पण बऱ्याचदा तसं कुणी ठरवलेलं नसतं, कोडने ते परस्पर ठरवलेलं असतं. पासवर्ड बदलायचा मेल आलाच नाही अशी तक्रार येते, लॉग उघडावा तर तिथे एक अक्षर नाही. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी मी मॅच लिहायला लावते, दोन्ही फांद्या समोर दिसतात. जावा ९ मध्ये यासाठीच इफप्रेझेंटऑरएल्स आलं.

प्रश्न: पाइपलाइनच्या मधोमध नुसतं लॉग करायचं असेल तरीही नाही का? त्यासाठी साखळी तोडायची म्हणजे जिवावर येतं.

उत्तर: तोडू नका. व्हॅल्यू बघून तशीच पुढे सोडणारी फंक्शनं याचसाठी आहेत: स्काला २.१३ पासून टॅप, कॉटलिनमध्ये ऑल्सो, रस्टच्या ऑप्शनवर १.७६ आवृत्तीपासून इन्स्पेक्ट. निदान वाचणाऱ्याला कळतं की इथे व्हॅल्यू बदलत नाही, कुणीतरी डोकावतंय. जावाचं पीकही त्याच जातीचं, पण ते मुख्यतः डीबगिंगसाठी आहे असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच म्हटलंय, आणि काउंटची गंमत वर सांगितलीच.

माझी कसोटी सोपी आहे. ही ओळ चाललीच नाही किंवा दोनदा चालली तर कुणी मला फोन करेल का? लॉगसाठी नाही करणार. टॅप खुशाल वापरा. पेमेंटसाठी करेल, ते टॅपमध्ये नको.

प्रश्न: मी हॅस्केल शिकते आहे. मेनच्या डू-ब्लॉकमध्ये लेट क्ष = फमॅप प्रिंट (जस्ट ५) असं लिहिलं. कंपाइल झालं, चाललं, पण ५ छापलं गेलं नाही. आणि जीएचसीआयमध्ये नुसतं फमॅप प्रिंट (जस्ट ५) टाकलं तर एरर येते. नेमकं काय होतंय?

उत्तर: या महिन्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पत्र, कारण पहिल्या पत्रातला घोळ हॅस्केल तुम्हाला मुळात करूच देत नाही.

इतर वाचकांसाठी: फमॅप म्हणजे हॅस्केलचा मॅप, जस्ट म्हणजे भरलेला मेबी, नथिंग म्हणजे रिकामा, आणि जीएचसीआय म्हणजे एकेक ओळ टाकून बघायची हॅस्केलची खिडकी. आता प्रिंटचा टाइप बघा. प्रिंट ५ हे ‘छापणं’ नव्हे, ती आयओ टाइपची एक व्हॅल्यू आहे: ‘चालवलं तर ५ छापेल’ असं काम. व्हॅल्यू म्हटल्यावर ती लिस्टमध्ये ठेवता येते, फंक्शनला देता येते, फेकूनही देता येते. ती चालते ती मेनपर्यंत जोडत नेली तरच. तुम्ही जस्ट ५ वर फमॅप केलं, तेव्हा मेबीच्या आतल्या ५ च्या जागी ते न चाललेलं काम येऊन बसलं. टाइप झाला मेबी (आयओ ()). लेटने त्याला नाव दिलं, पुढे कुणी विचारलं नाही, विषय संपला. जीएचसीआयला आयओ दिलं तर तो चालवतो. पण तुम्ही दिलं मेबी, म्हणून तो ते छापून दाखवायला गेला आणि आयओ छापायचं कसं हे त्याला माहीत नाही. तीच ती एरर.

तुम्हाला हवंय ते उलटं: बाहेर आयओ, आत मेबी. आयओ (मेबी ()) मिळालं तर ते डू-ब्लॉकमध्ये थेट चालवता येतं. डब्यांची ही अदलाबदल करणारं फंक्शन म्हणजे सीक्वेन्सए. मॅप करून लगेच अदलाबदल करणारं ते ट्रॅव्हर्स. म्हणजे ट्रॅव्हर्स प्रिंट (जस्ट ५) लिहा, ५ छापलं जाईल आणि हातात जस्ट () येईल. नथिंग दिलं तर काही छापलं जाणार नाही आणि नथिंगच मिळेल. परत आलेल्याशी कर्तव्य नसेल तर शेवटी अंडरस्कोअर असलेलं ट्रॅव्हर्स_ घ्या, किंवा वाचायला अधिक सोपं फॉर_ (जस्ट ५) प्रिंट. दोन्ही डेटा.फोल्डेबल मॉड्यूलमध्ये आहेत.

ट्रॅव्हर्सपाशी जरा जास्त वेळ घालवा असं मी म्हणेन, कारण नवशिके मॅप आणि फ्लॅटमॅपवर (फंक्शननेच डबा परत दिला तरी डब्यात डबा होऊ न देणारा मॅप) थांबतात आणि पुढे दोन वर्षं डब्यात डबे घेऊन झुंजत बसतात. लिस्टवर वापरून बघा. फाइलच्या नावांची लिस्ट आहे आणि रीडफाइल एका नावावरून आयओ स्ट्रिंग देतं. फमॅपने मिळते न चाललेल्या कामांची लिस्ट. ट्रॅव्हर्सने मिळतं एकच काम, जे डावीकडून उजवीकडे क्रमाने सगळ्या फाइली वाचून मजकुरांची लिस्ट देईल. आता आयओच्या जागी मेबी घाला. स्ट्रिंगांची लिस्ट आहे, प्रत्येकीचा आकडा करायचा आहे, न जमल्यास नथिंग. ट्रॅव्हर्स करा: सगळ्या जमल्या तर जस्ट आणि आत आकड्यांची लिस्ट, एकही फसली तर अख्खं नथिंग. फंक्शन तेच आहे. ‘सगळं किंवा काहीच नाही’ हे कुठे लिहावं लागलं नाही, मेबीने ते स्वतःबरोबर आणलं.

थोडा इतिहास, कारण आयओ आकाशातून पडलेलं नाही. हॅस्केलचा पहिला रिपोर्ट, म्हणजे भाषेची अधिकृत व्याख्या, १९९० चा. त्यात इनपुट-आउटपुट होतं, पण विनंत्या आणि प्रतिसादांच्या आळशी लिस्टांमधून, आणि ते लिहिणं हा वैताग होता. १९८९ च्या सुमाराला युजेनियो मोज्जी यांनी कंप्युटेशनचे वेगवेगळे प्रकार मोनाडने (ढोबळमानाने, फ्लॅटमॅप लावता येतो असा डबा) मांडता येतात हे दाखवलं, फिलिप वॉडलर यांनी ते प्रोग्रामिंगमध्ये आणलं, १९९३ मध्ये सायमन पेटन जोन्स आणि वॉडलर यांनी आयओसाठी ते कसं वापरायचं यावर पेपर लिहिला, आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये ते भाषेचा अधिकृत भाग झालं. डोकेबाज माणसांनाही ही वाट सापडायला काही वर्षं लागली. तुम्ही पहिल्याच महिन्यात अडलात यात नवल नाही.

प्रश्न: मोनाड पूर्ण समजल्याशिवाय पुढे जाऊ नये असं एकाने सांगितलं. व्याख्या पाठ आहे, समजलेलं काही नाही.

उत्तर: जा पुढे. मॅप केल्यावर ऑप्शनमध्ये ऑप्शन तयार झाला की फ्लॅटमॅप, आणि डबे उलटे हवे झाले की ट्रॅव्हर्स. एवढ्यावर खूप काम होतं. व्याख्या नंतर स्वतःहून ओळखीची वाटायला लागते.

प्रश्न: जावास्क्रिप्टमध्ये आयडींच्या लिस्टवर फॉरईच लावून आत असिंक फंक्शन दिलं आणि अवेट करून सेव्ह केलं. खालच्या ओळीत ‘सगळं सेव्ह झालं’ छापलं. ते आधी छापलं जातं, सेव्ह नंतर होतं. मॅप लावला तरी तेच. मॅपमध्ये साइड इफेक्ट नको म्हणतात, फॉरईच चालत नाही, मग करायचं काय?

उत्तर: फॉरईच तुमच्या असिंक फंक्शनने दिलेलं प्रॉमिस हातात घेतं आणि टाकून देतं. त्याची वाट बघायची सोयच त्यात नाही. आतला अवेट फक्त आतल्या फंक्शनला थांबवतो, बाहेरच्याला नाही. मॅपने निदान प्रॉमिसांची लिस्ट हातात राहते, पण तुम्हीही ती टाकूनच दिलीत. तिला प्रॉमिस.ऑल द्या आणि त्याच्यावर अवेट करा. लिस्टमधली प्रॉमिसं आत होती, आता बाहेर एक प्रॉमिस आणि आत लिस्ट. वरच्या हॅस्केलवाल्या वाचकाला सांगितलेली अदलाबदल ती हीच.

पण एक मोठा फरक आहे, आणि तो कळला नाही तर इथेच फसाल. आयओ हे न चाललेलं काम आहे. प्रॉमिस हे सुरू झालेलं काम आहे. मॅप संपेपर्यंत तुमच्या सगळ्या सेव्हच्या विनंत्या सुटलेल्या असतात. प्रॉमिस.ऑल त्या सुरू करत नाही, फक्त वाट बघतं. म्हणून एक सेव्ह फसला की प्रॉमिस.ऑल लगेच नकार कळवतं, पण बाकीचे सेव्ह थांबत नाहीत. ते मागे चालूच राहतात आणि पूर्णही होतात. ‘एरर आली म्हणजे काहीच सेव्ह झालं नाही’ असं समजून पुन्हा सगळी लिस्ट पाठवलीत तर नोंदी दोनदा पडतील. कोणती जमली आणि कोणती नाही हे हवं असेल तर प्रॉमिस.ऑलसेटल्ड वापरा, ते २०२० च्या मानकात आलं. एकामागोमाग एकच सेव्ह हवा असेल तर साधं फॉर-ऑफ आणि आत अवेट. फंक्शनल लिहायचं म्हणून फॉर लूपची लाज वाटायचं कारण नाही. क्रमाने कामं करायची आहेत हे तो स्वच्छ सांगतो.

स्कालाचं फ्युचरही याच पंथातलं, तयार झालं की सुटलंच. दोन फ्युचर आधी व्हॅलमध्ये ठेवून मग फॉर-कॉम्प्रिहेन्शनमध्ये जोडली तर ती शेजारीशेजारी धावतात. तीच फॉरच्या आत तयार केली तर पहिलं संपल्यावर दुसरं सुरू होतं. व्हॅल्यूला नाव देणं किंवा नाव काढणं यावरून प्रोग्रामचं वागणं बदलू नये ही फंक्शनल प्रोग्रामिंगची मुळातली अपेक्षा, आणि फ्युचर ती पाळत नाही. म्हणूनच स्कालाच्या लोकांनी कॅट्स इफेक्ट आणि झिओसारख्या लायब्ररी लिहिल्या, ज्यांत काम आधी व्हॅल्यू असतं आणि चालवायला सांगितल्यावर चालतं.

प्रश्न: मॅपच्या आत एक्सेप्शन फेकणं हाही साइड इफेक्टच का? आमच्या कोडमध्ये मजकूर.मॅप(स => स.टूइंट) जागोजागी आहे.

उत्तर: हो. मजकुरात आकडा नसेल तर टूइंट एक्सेप्शन फेकतं, आणि ऑप्शनचा मॅप ते अडवत नाही. ते थेट बाहेर उडी मारतं. टाइप सांगतो ऑप्शन[इंट], म्हणजे आकडा असेल किंवा नसेल. प्रत्यक्षात तिसरी शक्यता आहे आणि तिचा टाइपमध्ये पत्ता नाही.

गोंधळ होतो तो स्कालाच्या ट्रायमुळे. ट्रायचा मॅप नेहमीची एक्सेप्शन पकडून फेल्युअरमध्ये घालतो, त्यामुळे तीच ओळ ट्रायवर सुरक्षित आणि ऑप्शनवर नाही. दोन डबे, एकच मेथड, वेगळं वागणं. सवय चुकीच्या डब्यावर लागली की महागात पडते.

स्काला २.१३ मध्ये टूइंटऑप्शन आहे, तेव्हा मजकूर.फ्लॅटमॅप(स => स.टूइंटऑप्शन) लिहा. मात्र यात ‘मजकूर नव्हता’ आणि ‘मजकूर होता पण आकडा नव्हता’ हे दोन्ही नन होऊन एकत्र येतात. फॉर्म भरणाऱ्याला दोघांसाठी वेगळे संदेश दाखवायचे असतील तर आयदर (उत्तर किंवा फसल्याचं कारण, दोन्हींतलं एक ठेवणारा डबा) घ्या आणि त्याच्या लेफ्ट बाजूला कारण ठेवा. जागोजागी म्हणता तर आज सगळं बदलू नका. बाहेरून डेटा आत येतो त्या फायलींपासून सुरुवात करा, कारण वेडावाकडा मजकूर तिथूनच शिरतो.